भांडण किती वाजता झाले, तेही लिहा

प्रति,
सोलापूर शहर व जिल्ह्यातील माध्यमिक शाळांचे संस्थाचालक आणि मुख्याध्यापक,
महापालिका व जिल्हा परिषदेचे शिक्षण विभाग,
आणि पहाटेचे वर्ग घेणारे शिकवणीचालक यांस

विषय : चंचल व मारकुट्या ठरलेल्या मुलांचे शरीरघड्याळ आणि शाळेची वेळ

सप्रेम नमस्कार.

शिस्तीच्या नोंदवहीत मुलाचे नाव असते, तुकडी असते, कोणाला मारले, काय फोडले, पालकांना कधी बोलावले हे सगळे असते. भांडण किती वाजता झाले, हे मात्र बहुधा नसते. आमची पहिली मागणी साधी आहे : वेळेचा एक रकाना वाढवा. दोन महिने इमानाने भरा. मग पाहा, एकाच मुलाच्या नावापुढे पुन्हा पुन्हा पहिला-दुसरा तासच येतो का, सोमवारच जास्त येतो का, की त्याचे शेरे दिवसभर सारखे पसरलेले आहेत. या दोन प्रकारच्या मुलांना वेगवेगळी मदत लागते. आज दोघांनाही एकच शिक्षा मिळते.

यामागचे शरीरशास्त्र थोडक्यात सांगतो. दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूच्या तळाशी एकमेकींना ओलांडतात. त्या जागेच्या लगेच वर सुमारे 20 हजार चेतापेशींचा एक पुंजका आहे. हे शरीराचे मुख्य घड्याळ. ते आपल्या चालीने चालू दिले तर 24 तासांपेक्षा सरासरी दहा-बारा मिनिटे मागे पडते. म्हणून त्याला रोज उजेडाने लावून घ्यावे लागते. हा उजेड टिपणाऱ्या पेशी डोळ्यांच्या पडद्यात वेगळ्याच असतात. चित्र पाहण्यासाठी नव्हे, तर दिवस की रात्र हे मेंदूला कळवण्यासाठी. त्यांना सर्वांत जास्त जाणवतो तो निळसर उजेड, 480 नॅनोमीटरच्या आसपासचा. सकाळचे आकाश त्याने भरलेले असते. मोबाइलचा पडदा आणि पांढरा एलईडी दिवाही तोच निळसर उजेड रात्री देतात.

अंधार पडल्यावर हेच घड्याळ मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याचे शरीराला कळवणारे संप्रेरक, सोडायची परवानगी देते. मेलाटोनिन चढू लागल्यावर साधारण दोन तासांनी झोप लागते. अवधान कमी आणि चंचलता जास्त असा विकार, म्हणजे एडीएचडी, असलेल्या आणि रात्री लवकर झोप न लागणाऱ्या मुलांमध्ये ही चढण सुमारे पाऊण तास उशिरा सुरू होते, असे नेदरलँड्समधल्या तपासण्यांत दिसले. त्याच विकाराच्या, झोप उशिरा लागणाऱ्या प्रौढांत हा उशीर दीड तासाहून अधिक निघाला. म्हणजे हे मूल अंथरुणावर तळमळते, ते हट्टाने नव्हे. त्याच्या शरीरात रात्रच झालेली नसते.

घड्याळ आणि अवधान यांच्यामधला दुवा डोपामिन हे रसायन आहे. लक्ष टिकवणे आणि हात आवरणे ही दोन्ही कामे त्यावर चालतात. झेब्राफिश या छोट्या माशात घड्याळाचे एक जनुक निकामी केले तेव्हा डोपामिन घटले आणि मासे अतिचंचल झाले. डोपामिनचे विघटन करणाऱ्या एका विकराचे (एन्झाइमचे) जनुकही घड्याळाच्या प्रथिनांच्या ताब्यात चालते, असे उंदरांत आढळले आहे. 1993 मध्ये एका डच कुटुंबातल्या काही पुरुषांत नेमका हाच विकर पूर्ण बंद असल्याचे सापडले, आणि त्यांच्यात एकाएकी भडकून मारामारी करण्याची प्रवृत्ती होती. 2018 मध्ये तर घड्याळाच्या पुंजक्यापासून हल्ल्याशी संबंधित केंद्रापर्यंत जाणारी चेतापेशींची साखळीच नर उंदरांत शोधली गेली. मधला ब्रेक सैल केला की एरवीच्या शांत वेळीही ते हल्ला करू लागले. उंदरांचे भांडण आणि नववी-ब मधले भांडण एक नव्हे, याची आम्हाला जाणीव आहे. पण राग येण्यालाही दिवसाची वेळ असते आणि ती घड्याळाशी बांधलेली असते, असा अंदाज यातून बांधता येतो.

माणसांवरचा पुरावाही आहे. सुमारे 35 तास जागे ठेवलेल्या तरुणांच्या मेंदूतले भीती-रागाचे केंद्र त्रासदायक चित्रांना जवळपास 60 टक्के जास्त उसळून प्रतिसाद देत होते, आणि त्याला आवर घालणाऱ्या पुढच्या मेंदूशी त्याचे जोडलेपण कमी झाले होते. दुसऱ्या एका प्रयोगात लोकांची झोप दोनच रात्री काही तासांनी कापली आणि मग त्यांना कर्कश आवाज ऐकवला. पुरती झोपलेल्यांना आवाजाची सवय होत गेली. अपुऱ्या झोपेचे लोक मात्र चिडतच गेले. साठ मुलांच्या, पत्र्याच्या छताच्या वर्गात बसणाऱ्या मुलाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

एक गोष्ट शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवावी. झोप कमी पडलेला मोठा माणूस पेंगतो, लहान मूल उलट उधळते. बाकावरून उठते, टोचते, ढकलते. कॅनडात सात ते अकरा वर्षांच्या मुलांची झोप रात्री सरासरी 27 मिनिटांनी वाढवली, तेव्हा त्यांच्या शिक्षकांना, कोणाची झोप वाढवली हे माहीत नसतानाही, मुले शांत आणि कमी भडकणारी वाटली. झोप 54 मिनिटांनी कमी केली, तेव्हा उलटे झाले. अर्ध्या ते एका तासाचाच हा फरक आहे.

आता सोलापूरकडे येऊ. भारताची प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशावर लावलेली आहे. सोलापूर 75.9 अंशांवर आहे. दर अंशाला चार मिनिटे धरली तर आपला सूर्य घड्याळाच्या सुमारे 26 मिनिटे मागे चालतो. शाळेची घंटा 7 वाजता होते, तेव्हा मुलाच्या शरीराच्या हिशेबाने साडेसहाच वाजलेले असतात. जानेवारीत तर सोलापुरात सूर्योदयच सातच्या सुमारास होतो. सातच्या शाळेसाठी सहाला उठलेले मूल पूर्ण अंधारात उठते आणि रिक्षात बसते तेव्हा नुकते झुंजूमुंजू होत असते. ज्या उजेडाने घड्याळ पुढे यायला हवे, तो त्याच्या वाट्याला येतच नाही.

त्यात वयाचा फेरा. वयात येताना प्रत्येक मुलाचे घड्याळ एक-दोन तास उशिराकडे सरकते. हे बिघडणे नव्हे, वाढीचाच भाग आहे. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना 8 ते 10 तास झोप लागते. ज्याला शरीर अकराला झोपू देते आणि शाळा सहाला उठवते, त्याची झोप सातच तास होते. आठवड्याचे सहा दिवस रोज किमान तासभर उधारी. एडीएचडीचे मूल असेल तर त्यात आणखी पाऊण तास.

दोन अधिवेशनांत चालणाऱ्या शाळांत आपण नेमके काय करतो? आठवी ते दहावी सकाळी, पाचवी ते सातवी दुपारी. ज्यांचे घड्याळ उशिराचे त्यांना पहाटे, आणि जी मुले आपणहून लवकर उठतात त्यांना दुपारी. हे उलट करता येते. इमारत तीच, शिक्षकसंख्या तीच, बाकही तेच. अडचणी खऱ्या आहेत, त्या आम्ही लपवत नाही. एकच शिक्षक दोन्ही गटांना शिकवत असेल तर वेळापत्रक नव्याने बांधावे लागेल. डिसेंबर-जानेवारीत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून खेड्यांतून एसटीने येणाऱ्या मुलींसाठी दुपारचे अधिवेशन साडेपाचच्या आत सुटलेच पाहिजे. आणि पाचवी ते सातवीसाठीही सकाळची घंटा पावणेआठच्या आधी नको. 8 फेब्रुवारी 2024 च्या शासन निर्णयाने पूर्व प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी 9 किंवा त्यानंतर भरवायला सांगितले, ते योग्यच झाले. पण झोपेची सर्वांत मोठी ओढाताण ज्या वयात होते ते आठवी ते दहावीचे वय त्या निर्णयाबाहेर राहिले. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 मध्येच माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत असे सांगितले. सिअॅटल शहराने 2016 मध्ये घंटा जवळपास तासभर उशिरा केली, तेव्हा मुलांची झोप रोज सुमारे 34 मिनिटांनी वाढली. मुले वाचलेला वेळ जागण्यात घालवतील ही शंका तिथेही होतीच.

मार्च-एप्रिलची सकाळची शाळा आम्ही बंद करायला सांगत नाही. बेचाळीस अंशांत दुपारी वर्ग भरवणे क्रूर आहे. त्या दिवसांत उजाडतेही लवकर. फक्त त्या महिन्यांत गणिताची चाचणी पहिल्या तासाला ठेवू नका.

पहाटेच्या शिकवणीबद्दल मात्र स्पष्ट बोलतो, कारण इथे चांगल्या हेतूने नुकसान होते. पहाटे साडेचारला उठून अभ्यास केला की लक्षात राहते, या समजुतीने घरोघरी ट्यूबलाइट लागतात. शरीराचे तापमान झोपेत उतरत जाते आणि आपोआप जाग येण्याच्या साधारण दोन तास आधी सर्वांत खाली असते. त्या क्षणानंतर डोळ्यांवर पडलेला उजेड घड्याळ पुढे आणतो, म्हणजे रात्री झोप लवकर येते. त्या आधी पडलेला उजेड घड्याळ आणखी मागे ढकलतो. रविवारी न उठवता जो मुलगा नऊला जागा होतो, त्याचा तो क्षण सकाळी सातच्या आसपास येतो. त्याला साडेचारला झगझगीत दिव्याखाली बसवले की त्याचे घड्याळ मागेच जाते. त्या रात्री झोप आणखी उशिरा, सकाळी चिडचिड आणखी जास्त, आणि आपण म्हणतो, एवढे लवकर उठवूनही पोरगे सुधारत नाही. ज्या मुलाला लवकर झोप येते आणि आपणहून पहाटे जाग येते, त्याने खुशाल पहाटे वाचावे. बाकीच्यांवर हा नियम लादू नका.

मग घड्याळ पुढे आणायचे कसे? झोपण्याच्या वेळेपासून सुरुवात करू नका. नेहमीच्या झोपेच्या आधीचे दोन-तीन तास शरीर सर्वांत सावध असते. अकराला झोपणाऱ्याला नऊला अंथरुणात घातले की फक्त भांडण होते. सुरुवात उठण्यापासून करायची. सुट्टीत आपोआप जाग येण्याची वेळ पकडा, समजा नऊ. पहिले दोन दिवस नऊला उठवून लगेच बाहेर, उघड्या आकाशाखाली अर्धा तास. मग दर दोन दिवसांनी 15 मिनिटे अलीकडे. नऊवरून सव्वासहाला यायला अकरा टप्पे, म्हणजे 22 दिवस. जूनच्या मध्यावर शाळा उघडते, म्हणून 24 मेच्या आसपास सुरुवात करावी लागते. घाई केली आणि एकदम दोन तासांहून जास्त अलीकडे ओढले, तर उजेड चुकीच्या बाजूला पडतो आणि सगळे फिसकटते. रविवारी फार तर एक तास जास्त झोपू द्यावे. त्याहून जास्त झोपला की आठवड्याची कमाई सोमवारी सकाळी वाया जाते.

उन्हाळ्यात माळवदावर किंवा गच्चीवर झोपण्याची आपल्याकडची रीत याला फार उपयोगी आहे. पत्र्याची खोली रात्री उशिरापर्यंत तापलेली राहते, आणि अंग थंड झाल्याशिवाय झोप लागत नाही. गच्चीवर वारा मिळतो, आणि घड्याळ पुढे आल्यावर पहाटेचा उजेडही फुकट. चादरीखाली मोबाइल नसावा, एवढीच अट.

उजेडाचे आकडे शाळेला उपयोगी पडतील. वर्गात ट्यूबखाली दोन-तीनशे लक्स (लक्स हे उजेडाचे माप) असतात. पावसाळी ढगाळ सकाळीही मैदानात काही हजार. म्हणून परिपाठ व्हरांड्यात किंवा सभागृहात न घेता मैदानात घ्या. हिवाळ्यात सातचा परिपाठ मात्र उपयोगाचा नाही, सूर्यच नुकता वर आलेला असतो. त्या दोन महिन्यांत तो सव्वाआठला, पहिल्या तासानंतर ठेवा. संध्याकाळचे गणित याच्या उलट आहे : झोपण्यापूर्वीच्या तीन तासांत डोळ्यांपर्यंत दहा लक्सहून जास्त निळसर उजेड जाऊ नये, अशी या विषयातल्या शास्त्रज्ञांची शिफारस आहे. लहान मुलांचे मेलाटोनिन मोठ्यांपेक्षा कितीतरी सहज दबते. रात्री नऊपर्यंत पांढऱ्या दिव्यांच्या भपक्यात चालणारे वर्ग आणि त्यानंतर मोबाइलवर येणारा गृहपाठ, दोन्ही थांबवणे तुमच्या हातात आहे. गृहपाठ संध्याकाळी सातनंतर पाठवू नका.

घराकडची परिस्थिती शिक्षकांना माहीत हवी. सोलापूरच्या पूर्व भागात भिंतीपलीकडे माग चालतात. निवासी वस्तीत रात्री 45 डेसिबलची मर्यादा कागदावर आहे, पण मागाची खडखड त्याच्या कितीतरी वर असते. आई विड्या वळते, वडील रात्रपाळीला, एका खोलीत पाच जण, त्यात दिवा कोणासाठी तरी चालूच. नळाला पाणी काही दिवसांआड, आणि पाळी रात्री दोनला आली की सगळे घर उठते. अशा मुलाला लवकर झोपत जा हा शेरा डायरीत लिहून काय साधते? त्याऐवजी वर्गशिक्षकाने वस्तीची पाण्याची पाळी टिपून ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला त्याला फळ्यापुढे उभे करू नये. घरच्यांना सांगावे की पाणी भरताना मोरीतलाच दिवा लावा, झोपण्याच्या जागी पिवळा मंद बल्ब ठेवा, मुलाचे तोंड भिंतीकडे करा. आणि दुपारी चारनंतर चहा नको. मोठ्यांच्याही शरीरातले निम्मे कॅफिन उतरायला पाचेक तास लागतात.

हे सगळे करूनही प्रत्येक चंचल मूल शांत होईल, असा आमचा दावा नाही. एडीएचडी हा मेंदूच्या वाढीचा विकार आहे, त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे आणि जगभरात सुमारे 5 टक्के मुलांत तो आढळतो. म्हणूनच आधी चौदा दिवसांची झोपेची नोंद हवी. तीवरून वाटा फुटतात. दहाला दिवा मालवला पण झोप बाराला, रविवारी नऊपर्यंत झोपून उठल्यावर स्वभाव एकदम चांगला : हे उशिराचे घड्याळ. पुरेसे झोपूनही पेंगते, घोरते, तोंड उघडे ठेवून झोपते : नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवा, टॉन्सिल किंवा नाकामागची वाढलेली गाठ श्वास अडवत असेल. रात्री पाय सतत हलतात, चोळून दे म्हणते : हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) तपासावे. झोप नियमित आहे, पुरेशी आहे, तरी लक्ष लागत नाही, शाळेत आणि घरी दोन्हीकडे, सहा महिन्यांहून अधिक काळ, आणि बारा वर्षांच्या आधीपासून : मग एडीएचडीची रीतसर तपासणी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, तेव्हा वजन-उंचीबरोबर ही नोंदही त्यांच्या हातात द्या. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर मराठीतून बोलता येते.

औषधांबद्दल दोनच गोष्टी. मेथिलफेनिडेट या एडीएचडीच्या औषधाची साधी गोळी तीन-चार तास काम करते. दुपारी उशिरा दिली तर झोप उडते, आणि असर उतरताना काही मुले तासभर जास्त चिडतात. संध्याकाळी ठरावीक वेळी भांडण होत असेल तर गोळीची वेळ डॉक्टरांना कळवा, मुलाला झोडपू नका. दुसरी गोष्ट मेलाटोनिनची. 5-10 मिलिग्रॅमच्या गोड गोळ्या दुकानातून आणून झोपताना देण्याचे फॅड वाढते आहे. घड्याळ सरकवायला मात्रेपेक्षा वेळ महत्त्वाची. प्रौढांवरच्या एका चाचणीत अर्धा मिलिग्रॅम योग्य वेळी दिल्यावर घड्याळ जवळपास दीड तास अलीकडे आले आणि एडीएचडीची लक्षणे 14 टक्क्यांनी घटली. मुलांवरच्या चाचणीत 3 ते 6 मिलिग्रॅमने चार आठवड्यांत झोप लवकर लागली, पण वर्तनात फरक पडला नाही. तेव्हा डॉक्टरांशिवाय हे नको.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षेला बंदी आहेच. तरी पहिल्या तासाला उशिरा आलेल्याला मैदानात फेऱ्या, ओणवे उभे करणे चालू असते. ते थांबवा. फेऱ्याच मारायच्या तर सगळ्या वर्गाने, आनंदाने, सकाळच्या उन्हात माराव्यात.

पुढच्या वर्षाचे वेळापत्रक बांधण्याआधी प्रत्येक शाळेने आठवी-नववीच्या एका तुकडीची चौदा दिवसांची नोंद घ्यावी, ही विनंती. तिला छापील फॉर्म लागत नाही, वहीचे एक पान पुरते. आडवे चौदा दिवस. उभे सात रकाने : दिवा कधी मालवला, झोप अंदाजे कधी लागली, किती वाजता उठला, आपोआप की उठवल्यावर, दुपारी झोपला का, शेवटचा चहा कधी, मोबाइल शेवटचा कधी हातात होता. आठवा रकाना वर्गशिक्षकाने भरायचा : आज भांडण झाले का, आणि किती वाजता.

आपले,
सोलापुरात मुलांची झोप, अवधान आणि वर्तन यांवर काम करणारे काही जण